झोंबीचा विनोद आणि भिंतीपलीकडचे पाणी

(भांडुप येथील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भुताखेतांचा, त्यातही हसवणाऱ्या भुतांचा चित्रपट हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका सुशिक्षित श्रोत्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, घरांचा प्रश्न असे विषय समोर उभे असताना बेताच्या भांडवलावर काढलेल्या एका करमणुकीच्या चित्रपटासाठी संध्याकाळ का खर्चावी? या शंकेचे उत्तर असे की, समाज कशावर हसतो यावरून त्याची प्रकृती पुष्कळदा कळते. गंभीर प्रश्न विचारला असता माणूस सावध होतो आणि शोभेल असे उत्तर देतो. अंधाऱ्या चित्रपटगृहात हसताना तो सावध नसतो. म्हणून त्या हसण्याची तपासणी करणे हे समाजाच्या अभ्यासकाला वर्ज्य मानता येणार नाही.

२६ जानेवारी २०२२ रोजी ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. करोनाची तिसरी लाट चालू होती आणि महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना निम्म्याच आसनांची मुभा होती. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांच्या प्रमुख भूमिका आहेत. एक तरुण मध्यमवर्गीय इंजिनिअर आपल्या गरोदर पत्नीसह डोंबिवलीतील एका नव्या उंच इमारतीत राहावयास येतो. इमारतीच्या शेजारीच जनता नगर ही झोपडवस्ती आहे आणि तेथील माणसांच्या हक्कांसाठी भांडणारा एक तरुण आहे. पुढे एक विचित्र साथ पसरते, माणसे माणसांना चावू लागतात, आणि एरवी एकमेकांकडे पाठ करून राहणाऱ्या इमारतीला व वस्तीला जगण्यासाठी एकमेकांचा हात धरावा लागतो. या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न आणि पाण्याच्या धंद्यातली नफेखोरी आहे. कथा हसत-खेळत सांगितली आहे. परंतु जिच्यावर ती उभी आहे ती जमीन हसण्यासारखी नाही.

झोंबी ही कल्पना परदेशातून आली, एवढे म्हणून तिची बोळवण केली जाते. ती कोणत्या परदेशातून आली आणि कोणत्या परिस्थितीत जन्मली, हे पाहिले तर तिच्याविषयी परकेपणा राहत नाही. तिचे माहेर हैती हा देश. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणून तेथे ऊस पिकवला. मरणानंतर आत्मा आफ्रिकेतील मूळ भूमीकडे परत जातो, ही त्या गुलामांची समजूत होती. मरण हीच काय ती सुटका. या समजुतीच्या पोटातूनच तिच्या उलट अशी एक भीती निर्माण झाली, ती म्हणजे मेल्यावरही कोणी तरी आपल्याला उठवील, आपली इच्छा काढून घेईल आणि पुन्हा मळ्यात राबवील. झोंबी तो हाच. हैतीचे झोंबी मूळचे माणसे खाणारे नव्हेत. त्यांचे दुर्दैव इतकेच की त्यांना मरणानेही रजा मिळत नाही. १७९१ साली तेथील गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. परंतु १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने हैती लष्करी ताब्यात ठेवले, आणि याच काळात विल्यम सीब्रूक या लेखकाने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून झोंबी अमेरिकन वाचकांच्या घरी पोचला. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटात साखरेच्या कारखान्यात झोंबी राबताना दिसतात. त्यांतला एक यंत्रात पडतो आणि बाकीचे मान वर न करता काम चालू ठेवतात. ज्या महाराष्ट्रात दर हंगामात ऊसतोड कामगारांचे तांडे पाले ठोकून राहतात, त्या महाराष्ट्राला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर झोंबी हा मालकाच्या स्वप्नातला आदर्श मजूर आहे. तो वेतन मागत नाही, संघटना करीत नाही, आजारी पडत नाही. तत्कालीन अमेरिकन प्रेक्षक त्याला भ्याला, पण त्याने त्या भीतीचा अर्थ हैतीच्या जादूटोण्यात शोधला. उसाच्या मळ्यात आणि त्या मळ्यामागच्या भांडवलात तो शोधण्याचे त्याला सुचले नाही. प्रेक्षकाच्या प्रतिसादातील ही खोड फार जुनी आहे. पडद्यावर आपलीच व्यवस्था दिसू लागली की तो ती दुसऱ्या कुणाची तरी म्हणून पाहतो.

पुढे १९६८ साली जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट सुमारे १ लाख १४ हजार डॉलर्समध्ये काढला. अमेरिकन मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ होती. त्याने मुडद्यांना माणसे खावयास लावले आणि आजचा पडद्यावरचा झोंबी घडवला. गंमत अशी की त्या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्दही येत नाही. त्याचा नायक कृष्णवर्णी आहे. रात्रभर मुडद्यांशी झुंजून तो जिवंत राहतो आणि सकाळी त्याला जिवंत माणसेच गोळी घालतात. दहा वर्षांनी, १९७८ साली, रोमेरोने पुढचा चित्रपट एका प्रचंड मॉलमध्ये घडवला. मेलेली माणसे तिथेच येऊन घोटाळत राहतात, कारण जिवंतपणी तीच त्यांची सवय होती. २००४ सालच्या ‘शॉन ऑफ द डेड’ या इंग्रजी विनोदी चित्रपटाचा नायक सकाळी उठून नेहमीच्या दुकानात जातो आणि सभोवतालची माणसे झोंबी झाली आहेत हे त्याच्या ध्यानातच येत नाही, कारण कालही ती तशीच दिसत होती. झोंबी-विनोदाचा गाभा या एका प्रसंगात आहे. पहाटेच्या लोकलमध्ये एकमेकांच्या खांद्यावर डोके टाकून उभ्याने झोपणाऱ्या उपनगरी माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

या चित्रपटांच्या स्वस्तपणाचेही एक अर्थकारण आहे. राजवाडा उभारणे महाग, युद्ध दाखवणे महाग, नामवंत नट त्याहून महाग. झोंबी मात्र फाटके कपडे, थोडा रंग आणि लंगडत चालणारी माणसे एवढ्यावर उभा राहतो. शिवाय त्यासाठी गर्दी लागते, आणि गरीब निर्मात्यापाशी दुसरे काही नसले तरी मित्रांची गर्दी असते. म्हणूनच जगभर ज्यांच्यापाशी भांडवल नाही अशा चित्रपटकारांनी या भुताला आपलेसे केले.

मराठी माणसाला भुतांची वाण कधीच नव्हती. वेताळ आहे, मुंजा आहे, हडळ, खवीस, समंध आहेत. परंतु यांतले प्रत्येक भूत हे व्यक्ती आहे. त्याला नाव आहे, वड किंवा पिंपळ आहे, अपुरी राहिलेली इच्छा आहे. त्याच्याशी बोलता येते, त्याला नारळ देऊन शांत करता येते. झोंबीला नाव नाही, इच्छा नाही, गाऱ्हाणे नाही. तो केवळ संख्येने असतो. गावातले भूत हे नात्यांच्या समाजातले भूत होते, आणि झोंबी हे गर्दीतले भूत आहे. सरपोतदार यांनीच पुढे २०२४ साली ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट दिला. कोकणातल्या त्या एकट्या, हट्टी भुताला देशभर मोठे यश मिळाले. त्याआधी, २०१३ साली, राज आणि डी. के. या जोडीने ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटात झोंबींना गोव्यात आणले होते. परंतु तेथे ते सुट्टीवर आलेल्या तरुणांच्या मौजेतून निघाले. ‘झोंबिवली’तील झोंबी कुणाच्या मौजेतून आलेले नाहीत. ते रोजच्या जगण्यातून, नळाच्या आणि बाटलीच्या पाण्याच्या भोवती जमलेल्या माणसांतून आलेले आहेत.

आता प्रेक्षकाकडे वळू. अशा चित्रपटाला मिळणारा प्रतिसाद साधारणतः तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रतिसाद तुलनेचा. परदेशी चित्रपट पाहिलेला प्रेक्षक रंगभूषेतील, छायाचित्रणातील उणिवा मोजत बसतो आणि ‘मराठीच्या मानाने बरा आहे’ असा शेरा मारतो. या शेऱ्यात कौतुकापेक्षा दया अधिक असते. याच प्रेक्षकाचे वाडवडील रात्ररात्र दशावतार पाहत. तेथे एका बाकड्याचे सिंहासन होते, तेच पर्वत होते, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. कारण उणीव भरून काढण्याचे काम प्रेक्षक स्वतः करी. भांडुपमध्ये कोकणातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांना हे सांगावयास नको. तिकीट काढले म्हणजे पाहण्यातले सारे श्रम समोरच्याने करावेत, ही अपेक्षा ग्राहकाची आहे, रसिकाची नव्हे.

या बाबतीत एक जपानी उदाहरण उद्बोधक आहे. शिनिचिरो उएदा या दिग्दर्शकाने २०१७ साली ‘वन कट ऑफ द डेड’ या नावाने जगभर ओळखला जाणारा झोंबी-विनोदी चित्रपट सुमारे ३० लाख येनमध्ये पुरा केला. म्हणजे रुपयांत वीस लाखांच्या आतबाहेर. त्याचा पहिला भाग हा ३७ मिनिटांचा एकच सलग प्रसंग आहे. तो ओबडधोबड वाटतो. पात्रे मध्येच अडखळतात, कॅमेरा भलतीकडे जातो, आणि प्रेक्षक त्या चुकांना हसतो. मग चित्रपट मागे जातो आणि तोच प्रसंग कॅमेऱ्यामागून दाखवतो. नट ऐनवेळी कसा आजारी पडला, कॅमेरावाला कसा घसरला, सगळ्यांनी मिळून वेळ कशी निभावली, हे दिसू लागते. आधी ज्या चुकीला हसलो तिच्यामागे कुणाचे तरी श्रम होते, हे प्रेक्षकाला कळते. तो पुन्हा हसतो, पण आता त्या हसण्यात आपुलकी असते. २०१८ साली टोकियोतील दोन लहान चित्रपटगृहांतून निघालेला हा चित्रपट प्रेक्षकांच्या तोंडी प्रचाराने तीनशेहून अधिक पडद्यांवर पोचला आणि त्याने तीन अब्ज येनहून अधिक उत्पन्न मिळवले. बाजारात वस्तू दिसते, तिच्यातील श्रम दिसत नाहीत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शंभर पाने वाचून समजते. त्या प्रेक्षकांना ते दीड तासात, हसता हसता समजले.

दुसरा प्रतिसाद ओळखीचा. ‘झोंबिवली’ हे नाव ऐकताच मध्य रेल्वेवरचा माणूस हसतो. डोंबिवलीची लोकल, तेथील सोसायट्या, मराठी मध्यमवर्गाचे तेथील संसार या साऱ्याची त्याला ओळख आहे. परंतु ओळख ही चेष्टेपाशी थांबू शकते किंवा पुढेही जाऊ शकते. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक परिसरातील रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तेथील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. ज्या गावात पावसाला रंग चढतो, त्या गावात रसायनांनी माणसांचे झोंबी होणे ही फार लांबची कल्पना राहत नाही. विनोदाने येथे अतिशयोक्ती थोडीच केली आहे.

तिसरा प्रतिसाद सुटकेचा. तोच सर्वांत अधिक विचार करण्याजोगा आहे. चित्रपट संपतो, दोषी माणसाचा हिशेब चुकता होतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक मोकळ्या मनाने बाहेर पडतो. एका लोभी माणसाने सारे बिघडवले होते, तो गेला, आता ठीक आहे. विनोदी चित्रपटाच्या रचनेला असा खलनायक लागतो, यात दिग्दर्शकाला दोष देण्याचे कारण नाही. पण इमारत आणि वस्ती यांच्यातील भिंत कोणा एका खलनायकाने बांधलेली नसते. ती दरपत्रकांनी, पुराव्याच्या कागदांनी, कट-ऑफ तारखांनी आणि भल्या माणसांच्या उदासीनतेने बांधलेली असते. तिला चेहरा नाही, म्हणून ती पडद्यावर नीटशी येत नाही.

भांडुपच्या रहिवाशांना ही भिंत पाहण्यासाठी डोंबिवलीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग याच भांडुपच्या संकुलात शुद्ध होतो. दररोज २५० कोटी लिटरहून अधिक पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता असून आशियातील मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. वैतरणा आणि तानसा यांचे पाणी मैलोगणती जलवाहिन्यांतून येते, येथे स्वच्छ होते आणि शहराच्या दूरदूरच्या वस्त्यांना जाते. त्याच भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत पाण्याचा दाब अपुरा पडतो आणि बाया-मुले हंडे-कळश्या घेऊन चढण चढतात. कारखान्यांच्या जागी लाल बहादूर शास्त्री मार्गावर मनोरे आणि मॉल उभे राहिले. त्यांतल्या ड्रीम्स मॉलला मार्च २०२१ च्या अखेरीस रात्री आग लागली. त्या मॉलच्याच वरच्या मजल्यावर करोनाच्या रुग्णांवर उपचार करणारे रुग्णालय होते, आणि तेथील रुग्ण दगावले. पुढे तो मॉल ओसाड पडला. रोमेरोला आपला मॉल कल्पनेने मुडद्यांनी भरावा लागला. भांडुपमध्ये ज्या खरेदीच्या इमारतीत माणसे सुटीची करमणूक करावयास जात, त्याच इमारतीत माणसे मेली.

पाण्याचा हिशेब तर साधा आहे. बाजारात पाण्याची एक लिटरची बाटली साधारण २० रुपयांना मिळते. म्हणजे हजार लिटरला २० हजार रुपये. महापालिका घरगुती वापरासाठी देते त्या हजार लिटर पाण्याचा दर दहा रुपयांहूनही कमी आहे. दोन हजार पटींहून अधिक असे हे अंतर आहे. ज्याच्यापाशी नळजोडणीचा कागद आहे त्याला स्वस्त पाणी मिळते आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याला टँकरवाल्याकडून, शेजाऱ्याकडून किंवा दुकानातून महाग पाणी घ्यावे लागते. गरीब माणूस पाण्यासाठी श्रीमंतापेक्षा जास्त किंमत मोजतो. नफेखोराला धंदा करता येतो तो या अंतरामुळे. खलनायक मेला तरी अंतर शिल्लक राहिले, तर त्याच्या जागी दुसरा येणारच.

१५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय दिला. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांतील माणसांनाही पाणी देण्याची योजना पालिकेने आखावी, असे न्यायालयाने सांगितले. मात्र कायदेशीर घरांतील रहिवाशांच्या बरोबरीने पाण्याचा हक्क त्यांना सांगता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. मे २०२२ मध्ये, म्हणजे ‘झोंबिवली’ प्रदर्शित झाल्यावर चारच महिन्यांत, पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर केले. तहान लागण्यासाठी जन्मतारखेचा दाखला लागत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हावयास इतकी वर्षे लागली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याची ओंजळ उचलली, तेव्हापासून महाराष्ट्रात पाणी हा माणुसकीचा प्रश्न झालेला आहे. साठच्या दशकात गोरेगावात मृणाल गोरे यांनी हंडे घेतलेल्या स्त्रियांना पालिकेच्या दारात उभे केले आणि ‘पाणीवाली बाई’ ही पदवी मिळवली. पाणी मागायला आलेल्या स्त्रियांची त्या वेळी थट्टा झाली नाही असे नाही. पण पुढे पाणी आले ते थट्टा करणाऱ्यांमुळे आले नाही.

मग अशा चित्रपटाचे करावयाचे काय? त्याला डोक्यावर घेण्याचे कारण नाही आणि हलका म्हणून झटकून टाकण्याचेही कारण नाही. विनोदी चित्रपटाने नळ जोडून द्यावा, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. त्याने इमारतीतल्या आणि वस्तीतल्या माणसाला एका रांगेत बसवून एकाच प्रसंगावर हसवले, तर त्याचे काम झाले. उरलेले काम प्रेक्षकाचे आहे. आपल्या सोसायटीत घरकाम करणारी बाई कोणत्या नळावर पाणी भरते, किती वाजता भरते आणि त्यासाठी काय मोजते, एवढे जरी त्याने दुसऱ्या दिवशी विचारले, तरी ते हसणे वाया गेले नाही असे म्हणता येईल.

शेवटी शब्दाविषयी थोडे. झोंबी हा शब्द मराठीला नवा नाही. झोंबी म्हणजे कुस्ती, अंगाला अंग भिडवून केलेली झुंज. आनंद यादवांनी दारिद्र्याशी झगडत शिकण्याची कहाणी १९८७ साली लिहिली, तिला त्यांनी हेच नाव दिले. हैतीहून आलेल्या शब्दाचा अर्थ इच्छा हरवलेला माणूस असा आहे आणि मराठी शब्दाचा अर्थ इच्छेने दिलेली झुंज असा आहे. उच्चार एकच असल्यामुळे या दोन शब्दांची गल्लत विनोदापुरती चालेल. वस्तीत पहाटे चार वाजता पाण्यासाठी उठणाऱ्या स्त्रीकडे पाहताना मात्र ती करू नये. डोळ्यांवर झोप असेल, पाय ओढत चालत असेल, पण ती चालते आहे ती स्वतःच्या मुलांसाठी आणि स्वतःच्या बुद्धीने. इमारतीच्या खिडकीतून ती पहिल्या अर्थाची झोंबी दिसत असेल, तर दोष खिडकीतून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे.